‘मॅक्रोसायकल’ला मराठीत काय म्हणावं? ‘चुंबळ’ चालेल का?

खाडीकाठ (रत्नागिरी): बारावीच्या पुढच्या मुलांसाठी रसायनशास्त्राची पुस्तिका मराठीत करतेय, तिथे अडले आहे. रक्तातलं हीम, पानातलं क्लोरोफिल, जीवनसत्त्व बी-१२ या तिघांत अणूंचं एक मोठं वलय (हेच मॅक्रोसायकल) आणि मधोमध धातू असतो: लोह, मॅग्नेशियम, कोबाल्ट. मी ‘बृहद्वलयी’ लिहिलं. तपासणाऱ्या सरांनी ते खोडून ‘चक्रीय’ केलं. पण चक्रीय तर बेंझिनही आहे, त्याच्या पोटात कुठे धातू मावतो? आता मला ‘चुंबळ’, म्हणजे डोक्यावर कळशीखाली ठेवतात ते कापडाचं कडं, हाच शब्द हवासा वाटतो. हीममध्ये प्राणवायू नसतो तेव्हा लोह वलयाच्या पातळीत बसत नाही, सुमारे ०.४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यंश) एका अंगाला वर राहतं, चुंबळीवर कळशी टेकावी तसं. प्राणवायू जोडला गेला की ते जवळपास पातळीत येतं.

अलिबागचा वाचक: शब्द गोड आहे, पण परिभाषेला गोडवा पुरत नाही. ‘बृहद्वलय’पासून बृहद्वलयी, बृहद्वलयीकरण असं हवं तेवढं पुढे नेता येतं. चुंबळीपासून काय करणार, चुंबळीकरण?

खाडीकाठ: का नाही? रसायनशास्त्रज्ञ पेडरसननी १९६७ साली असे रेणू जाहीर केले आणि त्यांना ‘क्राऊन’ म्हटलं, कारण ते मुकुटासारखे दिसतात. त्या कामाला १९८७ साली नोबेलचा वाटा मिळाला. १८-क्राऊन-६ म्हणजे अठरा अणूंचं वलय, त्यात सहा ऑक्सिजन. पोटॅशियम त्यात नेमकं बसतं, सीझियम मोठं म्हणून वरच राहतं. घरातला शब्द शास्त्राला चालतो.

वेंगुर्ल्याचा माड: माझं वेगळंच म्हणणं आहे. एकच रेणू धातूला दोन किंवा जास्त जागी धरतो त्या ‘कीलेट’ला कॉलेजात आम्हाला ‘नांगीबंध’ असं शिकवलं होतं. मूळ ग्रीक शब्द खेकड्याच्या पंजाचा, १९२० साली मॉर्गन आणि ड्र्यू यांनी वापरात आणला. घरी आजीला सांगितलं तर ती चिडली. “नांगी इंचवाची. कुर्लेचे ते डेंगे!” तेव्हापासून मी ‘डेंगेबंध’च म्हणतो. तुमच्या वलयालाही तेच नाव द्या, पकडतं तर तेही.

खाडीकाठ: नाही हो, तिथेच तर फरक आहे. सरळ साखळीच्या रेणूने धातू धरला असेल, तर एक टोक सुटतं, मग त्याच्या शेजारचं, आणि हळूहळू सगळं उलगडतं. वलयाला टोकच नसतं, सुटायला सुरुवात कुठून करणार? शिवाय ते आधीपासूनच धातूला बसण्याजोग्या आकारात असतं. म्हणून तेवढ्याच नायट्रोजन अणूंनी धातू धरणाऱ्या साखळीपेक्षा वलयातलं निकेल कितीतरी पक्कं बसतं. नावात हा बंदपणा दिसायला हवा, एवढंच माझं म्हणणं.

देवगडची सुगरण: इतकं पक्कं बसतं, तर अळवाच्या भाजीत चिंच पडली की हिरवा रंग का मरतो?

खाडीकाठ: छान विचारलंत. मॅग्नेशियमची पकड मुळात कच्ची. आंबटातले दोन हायड्रोजन त्याच्या जागी शिरतात आणि ते बाहेर पडतं. उरतं ते फिओफायटिन, शेवाळी-तपकिरी. बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात भाजी हिरवी राहते, कारण मॅग्नेशियमच्या जागी तांबं येऊन बसतं. तो हिरवेपणा पोटात जाऊ नये. म्हणजे वलय तेच, पण आत कोण बसलंय त्यावर त्याची वागणूक ठरते.

देवगडची सुगरण: म्हणूनच सासूबाई कल्हई उडालेल्या भांड्यात आमसुलं घालू द्यायच्या नाहीत. पदार्थ कळकतो, म्हणजे भांड्याचा धातू उतरून बिघडतो, म्हणायच्या.

अलिबागचा वाचक: ‘कळकणे’ हा शब्द जपायला हवा, आजच्या पिढीत कोणी वापरत नाही.

वेंगुर्ल्याचा माड: कुर्लेचं रक्त निळसर असतं, तिथेही तांबं ना? मग तिथे तरी चुंबळ आहे का?

खाडीकाठ: नाही. तिच्या रक्तातल्या हिमोसायनिन या प्रथिनात असं मोठं वलयच नाही. तांब्याचे दोन अणू, प्रत्येकाला प्रथिनातल्या तीन हिस्टिडिनांनी (हे एक अमिनो आम्ल) धरलेलं, आणि प्राणवायू दोघांच्या मध्ये. नावात ‘हिमो’ आहे तो रक्त या अर्थाने, हीम तिथे नाही.

वेंगुर्ल्याचा माड: म्हणजे कुर्लेच्या रक्तात चुंबळ नाहीच. मग माझे डेंगेच बरे!

अलिबागचा वाचक: डेंगे तुमच्याकडे. आमच्याकडे चिंबोरी आणि तिचे नांगे. माझ्या मते विंचवाची ती नांगी, चिंबोरीचा तो नांगा. लिंग बदललं की वस्तू बदलते, त्यामुळे ‘नांगीबंध’ चुकीचाच, ‘नांगाबंध’ हवा.

वेंगुर्ल्याचा माड: आजी असती तर तुम्हाला मान्य केलं नसतं. नांगा म्हणजे काय, हे सावंतवाडीच्या बाजारात विचारून बघा.

खाडीकाठ: माझी पुस्तिका सोमवारी छपाईला जातेय. ‘बृहद्वलयी’ ठेवू की ‘चुंबळ’, कोणी तरी सांगा.

अलिबागचा वाचक: आधी नांग्याचं ठरू द्या.