Re: एमएस असलेल्या मुलांची शाळा

वर एका ताईंनी लिहिलंय की मुलाला बरं वाटेपर्यंत शाळा बंदच ठेवावी, मला नाही पटत. माझ्या भाचीला 13व्या वर्षी एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूच्या नसांचा आजार) निघालं, आधी एका डोळ्याने अंधुक दिसायला लागलं तर सगळे म्हणाले मोबाईल बघून झालंय. तिला औषधापेक्षा जास्त त्रास दिला तो थकव्याने, आणि तो बाहेरून दिसत नाही ना, मग पीटीच्या सरांना वाटायचं नाटक करतेय, शेवटी डॉक्टरांची चिठ्ठी नेऊन दाखवली तेव्हा कुठे पटलं. उन्हात किंवा तापात लक्षणं तात्पुरती वाढतात, त्याला एमएसचा नवीन अटॅक समजून घाबरू नका (पण 24 तासांहून जास्त टिकली तर डॉक्टरांना फोन कराच). आम्ही पंख्याखालचा बाक, गार पाण्याची बाटली आणि मधल्या सुट्टीत पंधरा मिनिटं आडवं पडायची सोय मागून घेतली, बास, एवढ्याने खूप फरक पडला. आणखी एक, 2016च्या दिव्यांग कायद्यात एमएसचं नाव आहे, 40 टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट मिळालं तर लेखी परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मागता येतात. मैत्रिणी मात्र घरी बसून नाही मिळत हो.