लेव्हल १९ चा क्लॅन की लेव्हल ७ चा? टाउन हॉल १२, आधीच्या क्लॅनने किक केलंय

निशाचर_टीएच१२
नमस्कार मंडळी. क्लॅश ऑफ क्लॅन्स हा मोबाइल गेम खेळते, टाउन हॉल (मुख्य इमारत, त्यावरून खेळाडूची पातळी कळते) १२ आहे, क्लॅन म्हणजे खेळाडूंच्या गटांमधल्या वॉरमध्ये डोकं लावून अटॅक करायला मनापासून आवडतं. दोन वर्षं एकाच क्लॅनमध्ये होते. मागच्या सीडब्ल्यूएलमध्ये (क्लॅन वॉर लीग, दर महिन्याची स्पर्धा) सातपैकी दोन दिवस माझे अटॅक राहिले. झालं असं की तिथे लीडर टार्गेट देईपर्यंत थांबायचं असा नियम, आणि तो टार्गेट द्यायचा शेवटच्या दोन-तीन तासांत, तेव्हा मी नेमकी रात्रपाळीला आणि ड्युटीवर फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो. चॅटवर आधी सांगितलं होतं तरी सकाळी बघते तर किक, एका शब्दाने विचारलं नाही. दोन वर्षं रोज क्लॅनमधल्यांना ट्रुप्स (सैनिक) डोनेट केलेले, खूप लागलं मनाला.

आता दोन क्लॅनची इन्व्हाइट आलीयेत. एक लेव्हल १९, मेंबर ४९, सतत वॉर चालू, वॉर लॉग (मागच्या वॉरची नोंद) प्रायव्हेट, डिस्क्रिप्शनमध्ये लिहिलंय अटॅक चुकला की बाहेर. दुसरा लेव्हल ७, मेंबर ३१, आठवड्यातून दोन वॉर, लॉग पब्लिक. ओळखीचे सगळे म्हणतायत मोठ्या लेव्हलचा घे, पर्क्स (लेव्हलप्रमाणे मिळणारे फायदे) मिळतात. पण परत तेच व्हायला नकोय. तुम्ही लोक काय बघून ठरवता?

लूनवाला
पर्क्सचं एवढं मनावर घेऊ नका. लेव्हल ५ च्या क्लॅनमध्ये डोनेट केलेले ट्रुप्स एक लेव्हल वाढून येतात आणि १० ला दोन लेव्हल. म्हणजे ७ आणि १९ मध्ये डोनेशनपुरता फरक एका लेव्हलचा. बाकी बारीकसारीक फायदे आहेत पण त्यासाठी कोणी क्लॅन निवडू नये असं माझं मत. आणि क्लॅनची लेव्हल कधी खाली येत नाही, त्यामुळे पूर्वी जोरात असलेला आणि आता निम्मे लोक झोपलेले असा क्लॅन पण १९ च दिसतो.

पंधरा_बाय_पंधरा
मी आत्तापर्यंत सहा-सात क्लॅन बदलले असतील, आता एकच गोष्ट आधी बघतो, वॉर लॉग. आणि त्यात जिंकले किती हरले किती ते नाही, स्टार किती पडलेत ते.

हिशोब सोपा आहे. १५ विरुद्ध १५ चं वॉर असेल तर प्रत्येकाचे दोन अटॅक म्हणजे ३० अटॅक, आणि जास्तीत जास्त स्टार ४५ कारण एका बेसचे (समोरच्या खेळाडूच्या गावाचे) तीनच धरतात. आता एखादा क्लॅन दर वॉरला ४० च्या आसपास स्टार काढतोय तर तिथे लोक दुसरा अटॅक पण वापरतायत आणि विचार करून वापरतायत, मग ते हरले तरी चालेल, समोरचा क्लॅन भारी असू शकतो. पण एका वॉरला ४३ आणि पुढच्याला २२ असं वरखाली होत असेल तर समजायचं की अर्धे लोक नाव देतात आणि अटॅकच करत नाहीत. अशा ठिकाणी जिंकल्याची हिरवी पट्टी दिसते पण बऱ्याचदा समोरचा क्लॅन त्यांच्याहून सुस्त निघालेला असतो.

लॉग प्रायव्हेट असेल तर हे काहीच कळत नाही. प्रायव्हेट ठेवायची कारणं चांगली पण असतील, पण मला आत जायच्या आधी बघायला मिळत नसेल तर मी जात नाही.

दुसरं म्हणजे मेंबर लिस्ट उघडून डोनेशनचे आकडे बघा. ते सीझन संपला की शून्य होतात त्यामुळे सुरुवातीला बघून उपयोग नाही, सीझनच्या शेवटच्या आठवड्यात बघायचे. दोनच जणांनी हजारो दिलेत आणि बाकीचे नुसते घेतायत असं चित्र असेल तर तो क्लॅन त्या दोघांच्या जिवावर उभा आहे. ते दोघं कंटाळले की तुमची रिक्वेस्ट तास तास तशीच पडून राहणार, आणि वॉरमध्ये डिफेन्सचे क्लॅन कॅसल (डोनेट केलेले ट्रुप्स ठेवायची इमारत) रिकामे. मी एकदा अशाच क्लॅनमध्ये चार महिने काढले, प्रेपच्या, म्हणजे वॉरच्या तयारीच्या, दिवशी अकरा कॅसल एकट्याने भरलेत. त्यानंतर लिस्ट बघितल्याशिवाय कुठेच गेलो नाही.

निशाचर_टीएच१२
लगेच जाऊन बघितलं. लेव्हल ७ वाल्यांची मागची दहा वॉर १५-१५ चीच आहेत, स्टार ३७ ते ४३ च्या मध्ये, सहा जिंकलेत चार हरलेत. डोनेशन पण बऱ्यापैकी पसरलेलं आहे, फक्त तळाचे पाच-सहा जण शून्यावर आहेत. हे बघायचं असतं हे मला दोन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार.

पण माझा मूळ प्रश्न शिफ्टचाच आहे. असं वाटतं की माझ्यासारखीने वॉर क्लॅनमध्ये जाऊच नये का?

माजी_को_लीडर
ताई असं अजिबात नाही, थोडं सविस्तर लिहिते कारण मी तीन वर्षं को-लीडर होते आणि रात्रपाळीवाले चार-पाच जण आमच्याकडे होते, वॉरमधले सगळ्यात भरवशाचे तेच.

नीट बघा, साध्या वॉरमध्ये प्रेप २३ तासांची आणि बॅटल डे पूर्ण २४ तासांचा. सीडब्ल्यूएलमध्ये पण रोजच्या एका अटॅकला २४ तास मिळतात. चोवीस तासांत प्रत्येकाची जागं असण्याची वेळ कुठेतरी येतेच, मग शिफ्ट कुठलीही असो. म्हणजे तुमचे अटॅक राहिले ते रात्रपाळीमुळे नाही, टार्गेटसाठी थांबायच्या नियमामुळे. तो नियम लीडरच्या घड्याळावर चालतो. आणि सांगूनही तुमच्यासाठी तो जरासुद्धा वाकवला नाही, चूक तिथे झाली, तुमच्याकडून नाही.

म्हणून क्लॅनमध्ये जायच्या आधी लेव्हल-बिव्हल सोडा आणि लीडरला सरळ विचारा, टार्गेट कधी आणि कसं ठरतं? ज्याच्या त्याच्या नंबरचा समोरचा बेस, म्हणजे मिरर, असं असेल तर सोपं आहे, कोणासाठी थांबायला नको. प्रेपच्या दिवशीच क्लॅन मेलमध्ये यादी टाकतात असं सांगितलं तर अजून चांगलं. पण "चॅटवर सांगतो तेव्हा मारायचा" किंवा "दुसरा अटॅक शेवटच्या तासापर्यंत राखून ठेवायचा" असं उत्तर आलं तर तो क्लॅन कितीही भारी असू दे, तुमच्यासाठी नाही. तसे क्लॅन वाईट असतात असं मी म्हणत नाही, शेवटी क्लीनअपला, म्हणजे राहिलेले स्टार काढायला, अटॅक शिल्लक असणं खरंच कामाला येतं, पण ते ज्यांना त्या वेळेला फोन हातात घेता येतो त्यांनी करावं.

मग विचारायचं की आठवडाभर जमणार नसेल तर काय करू. वॉरसाठी आपली शिल्ड लाल करून (म्हणजे मला वॉरमध्ये घेऊ नका असं सांगून) ठेवायची सोय गेममध्येच आहे, पण काही लीडर लाल शिल्डवाल्यालाही वॉरमध्ये घालतात आणि मग अटॅक राहिला म्हणून ओरडतात. असं होतं का ते तिथल्या जुन्या मेंबरला विचारा, लीडर थोडीच सांगणार.

आणि सीडब्ल्यूएलचे बोनस मेडल (काही मोजक्या खेळाडूंना मिळणारं जादा बक्षीस) कसे वाटले जातात ते पण विचारा. ते कोणाला द्यायचे ते लीडरच्या हातात असतं, त्यामुळे तिथे माणूस कसा आहे ते पटकन कळतं. आमच्याकडे स्टारवर द्यायचो आणि बरोबरी झाली तर ज्याला मागच्या महिन्यात मिळाला नाही त्याला. दर महिन्याला त्याच तीन मित्रांना जात असतील तर बाकीचे हळूहळू मन काढून घेतात, हे मी दुसऱ्या एका क्लॅनमध्ये डोळ्यांनी बघितलंय, सहा महिन्यांत चाळीसचे अठरा झाले.

एक विनंती मात्र करते लीडरच्या बाजूने. शिफ्टचं वेळापत्रक पहिल्याच दिवशी सांगून टाका आणि दर महिन्याला बदललं की परत सांगा. चॅट भराभर वर सरकतो, एकदा लिहिलेलं लीडरने वाचलंच असेल असं धरू नका.

गोलेम_काका
वरचं सगळं बरोबर. माझं एवढंच, कुठलाही क्लॅन "तू झोपलीस की आम्ही तुझ्या आयडीवरून अटॅक करतो, कोड दे" असं म्हणाला तर त्याच क्षणी बाहेर पडायचं. रात्रपाळीवाल्यांना हे हमखास विचारतात आणि ऐकायला मदतच वाटते. अकाउंट दुसऱ्याला वापरायला देणं गेमच्या नियमातच बसत नाही, आणि ईमेलवर आलेला कोड एकदा दिला की वर्षानुवर्षं उभा केलेला बेस हातातून जाऊ शकतो. माझ्या भाच्याचा असाच गेला, पोरगं आठवडाभर धड जेवलं नाही.

लूनवाला
काकांना अनुमोदन. आणि ताई, जायचं तर एक तारखेच्या आधी जा. सीडब्ल्यूएलची नोंदणी महिन्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच असते, आणि एकदा कुठल्या क्लॅनच्या यादीत नाव गेलं की त्या सीझनला दुसऱ्याकडून खेळता येत नाही.

निशाचर_टीएच१२
दोन्ही लीडरना तेच प्रश्न पाठवले. लेव्हल १९ वाल्याने लिहिलं की आमच्याकडे सगळे लीडरच्या सांगण्यावर अटॅक करतात, जमत नसेल तर येऊ नका. राग नाही आला उलट बरं वाटलं, स्पष्ट सांगितलं त्यांनी. लेव्हल ७ वाल्या लीडरचं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. पहिला अटॅक मिररवर, दुसरा ज्याला जो जमेल तो, फक्त आपल्यापेक्षा फार खालचा बेस मारून दुसऱ्याचा घास काढायचा नाही. आणि मग त्यानेच विचारलं की तुमची शिफ्ट कुठल्या आठवड्यात असते, तेवढ्यापुरतं लाइनअपमधून बाहेर ठेवतो.

काल रात्री जॉइन केलं. पहिलं वॉर लागलंय, सध्या प्रेप चालू आहे, समोर माझ्या नंबरला एक इन्फर्नोवाला (इन्फर्नो टॉवर हे आगीचं डिफेन्स असलेला) बेस आहे आणि कॅसलमध्ये काय असेल ते कळत नाहीये. लूनवाला दादा, तुम्ही टीएच (टाउन हॉल) १२ ला लून (बलून, हवेतून हल्ला करणारे ट्रुप्स) वापरत असाल तर आर्मी सांगता का?

लूनवाला
सांगतो की. आधी त्या बेसचा लेआउट टाका इथे, ईगल (लांबवर मारा करणारी तोफ) कुठे आहे आणि एअर डिफेन्स कसे बसवलेत ते बघून ठरवू.