लॅबमध्ये नवा ॲनालायझर (रक्त तपासायचं मशीन) घेतला की रिपोर्ट लवकर सुटतील?

परळची_टेक्निशियन: रिपोर्टला उशीर होतो म्हणून आमच्याकडे नवा ॲनालायझर घ्यायचं घाटतंय. माझं म्हणणं, आधी एलआयएसमधल्या, म्हणजे लॅबच्या कॉम्प्युटर सिस्टीममधल्या वेळा काढा: रक्त काढलं कधी, लॅबमध्ये पोचलं कधी, मशीनवर चढलं कधी, रिपोर्ट सुटला कधी. सोडियम-पोटॅशियम मशीनवर काही मिनिटांत होतं. बाकीचा वेळ नळी कुठेतरी ट्रेमध्ये पडून असते. आणि सरासरी बघू नका, ती नेहमी गोडच दिसते. सगळ्यात उशिरा सुटलेले रिपोर्ट उघडा.

जुना_खोड: त्या वेळा खऱ्या तर हव्यात! सकाळच्या राउंडला नळ्यांचे बारकोड स्टिकर आधीच छापून नेतात, रक्त काढून झालं की सगळ्या नळ्या टेबलावर एकदम स्कॅन. कॉम्प्युटरच्या मते अख्ख्या वॉर्डाचं रक्त एकाच मिनिटात काढलं. वर उशिराचं खापर आमच्यावर.

परळची_टेक्निशियन: पण ते ‘एकाच मिनिटात’ तुम्हाला दिसलं कशात? डेटातच ना? आता बेडजवळ स्टिकर छापणारा छोटा प्रिंटर मागा.

स्लाइडवाली_डॉक्टर: मला ऑटोव्हेरिफिकेशन हवंय. नॉर्मल रिपोर्ट कॉम्प्युटरमधल्या नियमाने आपोआप सुटावेत, अडलेले मी बघेन. काल पोटॅशियम 4.1, आज 7.9 आणि कॅल्शियम तळाला? डेल्टा चेक, म्हणजे आधीच्या रिपोर्टशी तुलना करणारा नियम, तिथेच अडवतो. बहुतेक वेळा कोणीतरी जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त लाल झाकणाच्या नळीत ओतलेलं असतं. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, त्यातच पोटॅशियम. पहाटे तीनला दमलेल्या डोळ्यांतून हे सुटू शकतं.

जुना_खोड: आणि पेशंट पहिल्यांदाच आला असेल तर? तुलना कशाशी? दोन नॉर्मल पेशंटांच्या नळ्या बदलल्या तर नियम डोळे मिटून दोन्ही सोडणार. शिवाय 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने रिपोर्टवर पॅथॉलॉजी शिकलेल्या डॉक्टरची सही लागते असं सांगितलंय, नियमाची नाही.

स्लाइडवाली_डॉक्टर: नियम मी लिहिणार, मीच तपासणार, जबाबदारीही माझी. नळ्यांची अदलाबदल तर माझ्या सहीनेही पकडली जात नाही, उगाच आव कशाला आणू?

डोंबिवली_कलेक्शन: आमचे नमुने मुंबईच्या मुख्य लॅबला जातात. जुलैत रुळांवर पाणी आलं की तुमचा डेटा काय करणार?

परळची_टेक्निशियन: पाणी नाही उपसणार. पण रक्त तसंच पडून राहिलं की पेशींतलं पोटॅशियम सीरममध्ये (वरच्या पाण्यात) उतरतं. म्हणून सेंट्रिफ्यूज (नळ्या गरागरा फिरवणारं मशीन) तुमच्याकडेच फिरवून सीरम वेगळं करायला हवं, एवढं त्या दिवसांचे वाढलेले पोटॅशियम दाखवून मालकाला पटवता येईल.

जुना_खोड: पटवा. ॲनालायझर कंपनी रीएजंटच्या (तपासणीची रसायनं त्यांच्याकडूनच घ्यायच्या) करारावर ‘फुकट’ ठेवून जाते, म्हणून तो पटकन येतो. प्रिंटर आणि सेंट्रिफ्यूज खिशातून घ्यावे लागतात.