अनुभव धागा: टॅरो वाचून दमणाऱ्यांसाठी – किती, कोणते आणि कुठे थांबायचं

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की 'येणाऱ्या वर्षाचं बघून द्या' म्हणणाऱ्यांची रांग सुरू होते. बारा महिन्यांची टॅरोची बारा पानं (म्हणजे पत्ते) आणि अख्ख्या वर्षाचं एक, अशी तेरा. एका पानाला चार मिनिटं धरली तरी एकावर तास जातो, आणि असे दिवसाला सहा घेणारे आपल्यातच आहेत. म्हणून हा धागा. प्रत्येक उत्तराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे. अट एकच: रडगाणं नको, पद्धत लिहा. आकडे, वेळा, क्लायंटला म्हणायची वाक्यं.

सुरुवात मी करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी निगडित स्थिती म्हटलं आणि तीन खुणा दिल्या: थकवा, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही भावना. आपल्या धंद्यात त्या अशा दिसतात. पान उलटायच्या आधीच उत्तर तोंडात तयार असतं. फोनवर ठरावीक नाव झळकलं की कपाळावर आठी पडते. आणि टॉवरचं पान आलं की प्रत्येकाला तेच वाक्य जातं, 'मोठा बदल येतोय'. तिसरी खूण सगळ्यांत लवकर पकडता येते. वहीत रोज शेवटच्या रीडिंगची दोन वाक्यं लिहा. आठवड्यात तीच वाक्यं तिसऱ्यांदा आली तर पुढचे दोन दिवस बुकिंग बंद.

हिशेबी
आधी गणित. पंचेचाळीस मिनिटांच्या रीडिंगचे भाग: प्रश्न नीट बांधायला दहा, पानं वाचायला तीस, समारोपाला पाच. मग वीस मिनिटं मोकळी. म्हणजे एकाला पासष्ट मिनिटं. दिवसाला चार, आठवड्याचे पाच दिवस, यापुढे जाऊ नये. महिन्याला ऐंशी होतात, पण रद्द होणारे धरून सत्तरच मोजा. आता महिन्याला लागणारी रक्कम सत्तरने भागा. ४२,००० हवे असतील तर दर ६०० पडतो. बरेच जण तीनशे लावतात आणि संख्या दुप्पट करतात. दमछाक तिथूनच सुरू होते, पानांतून नाही. पैसे आधी, यूपीआयवर. उधारीच्या मागे लागण्यात जितकी शक्ती जाते तितकी केल्टिक क्रॉससारख्या मोठ्या मांडणीतही जात नाही.

दहापानी
केल्टिक क्रॉस दहा पानांचा. प्रत्येकाला तीन मिनिटं, तेवढ्यात वरची तीस मिनिटं संपतात. दिवसात असा एकच, तोही पहिल्या दोन वेळांत. संध्याकाळी तीन पानांचा स्प्रेड, म्हणजे मांडणी. उलटी (डोकं खाली आलेली) पानं वेगळ्या अर्थाने वाचत असाल तर संध्याकाळी ती सरळ करून घ्या: ७८ पानांचे १५६ अर्थ थकलेल्या डोक्याला पेलत नाहीत, मग माणूस उलट्याचा अर्थ 'नाही' असा सरधोपट लावून मोकळा होतो.

खरी गळती मात्र 'अजून एक पान काढा ना' इथे आहे. तीन पानं झाली, खुलाशासाठी चौथं, चौथं कळलं नाही म्हणून पाचवं. स्प्रेडला कडाच उरत नाही, आणि शेवटच्या पानाने पहिल्याला खोटं पाडलं की दोघंही गोंधळतात. खुलाशाचं पान एकच, तेही कोणत्या पानाचा खुलासा हे आधी मोठ्याने सांगून. ते काढलं की गठ्ठा पिशवीत.

ठामपणे_नाही
'तो परत येईल का?' हा एकच प्रश्न आठवड्यातून तीनदा विचारणारे असतात. नियम असा ठेवा: तोच प्रश्न सहा आठवड्यांनी, किंवा मध्ये खरोखर काही घडलं तर. वाक्य तयार हवं: 'मागच्या वेळी निघालेली पानं तुमच्याकडे लिहिलेली आहेत. त्यातलं काय करून बघितलंत ते सांगा, मग बसू.' दर वेळी नवं वाक्य शोधत बसलात तर नाही म्हणायलाच अर्धा तास जातो.

गरोदरपण, तपासणीचे निकाल, कोर्टाची तारीख, शेअर, लॉटरी: हे बुकिंगच्या फॉर्मवरच 'बघत नाही' म्हणून लिहा. हजर नसलेल्या माणसाच्या मनात काय आहे तेही नको. तो प्रश्न 'मी काय करू' असा वळवून घ्या. आजारावर उतारा सांगण्याची जाहिरात करणं तर १९५४ च्या औषध आणि जादूई उपाय कायद्यात अडकवतं, तो मोह मुळातच नको.

मिनिटावर_मोजलेले
मिनिटाच्या दराने चालणाऱ्या ॲपवर काम करणाऱ्यांसाठी. लॉगिन करून वाट बघणं हेही कामच आहे, कारण कान घंटीकडे लागलेले असतात. चार तास लॉगिन आणि दीड तास बोलणं झालं तरी तो दीड तास नसतो. दोन वेळा ठरवा, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन, मधल्या वेळात ॲपची सूचना बंद. सलग तीन कॉल झाले की ऑफलाइन, पाणी, दहा मिनिटं चालणं. चॅटवर लिहिताना एकाच वेळी दोघं घेऊ नका. एकाचं थ्री ऑफ सोर्ड्सचं दुःखाचं पान दुसऱ्याला जाऊन पोचतं.

सांजवात
मीठ, कापूर, धूप यावर भांडण नको, ज्याचा त्याचा विश्वास. एवढंच की बंद खोलीत दिवसातून पाच वेळा धूर केला तर घसा बसतो, आणि आपलं पोट घशावर आहे. दिवस मिटवायची एक सवय मात्र हवीच. माझी सुचवण: पानं क्रमाने लावा. 'द फूल' (वेडा) ० पासून 'द वर्ल्ड' २१, मग वाँड्स, कप्स, सोर्ड्स, पेंटॅकल्स हे चार गट, प्रत्येकात एक्क्यापासून राजापर्यंत चौदा. सात-आठ मिनिटं लागतात, हाताला काम मिळतं, डोक्याला विचार करावा लागत नाही, आणि हरवलेलं पान त्याच दिवशी कळतं.

मनगट
साधारण टॅरो पान ७० बाय १२० मिलिमीटर, नेहमीच्या पत्त्यांपेक्षा चांगलंच मोठं. लहान हाताच्या माणसाने ते खेळातल्यासारखं पिसलं की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. कापडावर सगळी पानं पसरून दोन्ही तळहातांनी कालवा, मग गोळा करा. पावसाळ्यात मुंबई-कोकणात पानं दमट होऊन चिकटतात आणि जोर जास्त लागतो. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. खुर्चीत कोपर टेबलाच्या उंचीला यायला हवं. घसा खाकरू नका, घोट घोट कोमट पाणी प्या.

रात्रपाळी
सगळ्यांत जड रीडिंग: समोरचा म्हणतो, 'मला जगायचंच नाही.' पानं तिथल्या तिथे खाली. डेथचं पान निघालंय, घाबरू नका, त्याचा अर्थ वेगळा असतो वगैरे समजावत बसू नका, प्रश्न पत्त्यांचा राहिलेला नाही. सरळ विचारा: 'तुम्ही जीव द्यायचा विचार करताय का? आत्ता घरात कोण आहे?' टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर, चोवीस तास, फुकट. तो टेबलावर कार्डावर लिहून ठेवा, ऐन वेळी आठवत नाही. जिवाला लगेच धोका वाटला तर ११२. फोन लागेपर्यंत थांबा. पैसे परत. त्या दिवसाची पुढची बुकिंग रद्द, कारण पुढच्या क्लायंटला तुम्ही त्याच आवाजात वाचाल. आणि दुसऱ्या एखाद्या वाचणाऱ्याशी, नाव-गाव न सांगता, वीस मिनिटं बोला. अशी एक जोडी आधीच ठरवून ठेवलेली असावी.

फक्त_एक_पान
धंद्याचा नंबर वेगळा. व्हॉट्सॲप बिझनेसवर रात्री आठनंतरचा आपोआप जाणारा निरोप लावा: 'उद्या अकरानंतर उत्तर मिळेल.' नऊ मिनिटांच्या व्हॉइस नोटला उत्तर नाही, प्रश्न तीन ओळींत लिहून मागवा. नातेवाईक हे वेगळं प्रकरण. लग्नघरात 'अगं, माझं जरा बघ ना' आलं की 'आत्या, पानं घरी ठेवून आलेय, मंगळवारी फोन करा' पुरतं. अर्थात पर्समध्ये गठ्ठा नसला पाहिजे, नाहीतर भाची शोधून काढते. फुकट रीडिंग महिन्याला दोन, तिसरं पुढच्या महिन्यात.

हिशेबी
प्रदर्शनातल्या स्टॉलबद्दल कोणी लिहिलं नाही. दहा मिनिटांची तीन पानं, तासाला पाच. सहावं घेतलंत तर पाणी प्यायला वेळ नाही. वाळूचं घड्याळ दोघांना दिसेल असं मध्ये ठेवा, म्हणजे वेळ संपल्याचं तुम्हाला सांगावं लागत नाही. दोन तासांनी अर्धा तास स्टॉल बंद, पाटी उलटी. आणि क्लायंटची खुर्ची रांगेला लागून नको. मागचे ऐकत असले की तो कुजबुजतो, तुम्ही पुढे वाकून ऐकता, आणि संध्याकाळी पाठ धरते.