फिशपाँड, बडग्या आणि "वीस वर्षांनी कोण कुठे असेल": नागपूरकरांनो, आपापले निरोप समारंभ सांगा

जानेवारीत लेकीच्या शाळेत दहावीचा निरोप समारंभ झाला. माझी साडी नेसून गेली आणि पदराला सांबारवडीचं तेल लावून आली. फिशपाँड, म्हणजे एकेकाच्या नावानं वाचायच्या टोमण्यांच्या निनावी चिठ्ठ्या, कसे झाले विचारलं, तर म्हणे तसलं काही नव्हतं, नववीच्यांनी रील करून दाखवलं. मग तिनंच विचारलं, "आई, तुला काय पडला होता?" मी कुकर लावायचं निमित्त करून उठले.

इथं सांगते. साल १९९९, मुलींची शाळा. मी वर्गाची मॉनिटर, म्हणजे फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणारी. नववीच्या पोरीनं मडक्यात गळ सोडला, चिठ्ठी वर काढली आणि माइकवर वाचली: "हिच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना कोण कोण बोलत होतं, त्याची यादी दुसऱ्या दिवशी मिळेल."

आता मी बोर्डाच्या परीक्षेत पर्यवेक्षक असते. तीन तास बोलणाऱ्यांकडे बघायचे पैसे मिळतात. (फार नाही मिळत.)

तुम्हाला काय पडला? आणि वीस वर्षांनी कोण कुठे असेल ते दाखवणारं भविष्याचं नाटुकलं तुमच्याकडेही व्हायचं का?

महालचा नातू:
फिशपाँड-बिशपाँड मुलींच्या शाळेत. आम्ही बडग्या काढला होता, १९९३ साली. इथल्या माणसाला मारबत सांगायला नको, पण बाहेरचेही वाचत असतील म्हणून सांगतो. तान्ह्या पोळ्याला काळी अन् पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, मिरवणुकीनं निघतात, काळी तर १८८१ पासून. सोबत ज्याचा राग आला असेल त्याचा बडग्या, म्हणजे त्याचाही पुतळा. महागाईचा, लाचखोरीचा, कोणाचाही. आम्ही भर फेब्रुवारीत भूमितीचा काढला. पोटात पेपरची रद्दी, कान कोनमापकाचे, छातीवर पायथागोरसचा सिद्धांत. पटांगणाला फेरी मारली. पुढे डबे बडवत पोट्टे ओरडत होते, "प्रमेय घेऊन जा गेऽऽ मारबत! तोंडी परीक्षा घेऊन जा गेऽऽ मारबत!"

गणिताचे सर व्हरांड्यात उभे. वाटलं, आता छडी निघते. तर त्यांनी दोन्ही हात वर केले अन् आमच्यापेक्षा मोठ्यानं ओरडले, "अन् ह्या पोट्ट्यायले बी घेऊन जा गेऽऽ मारबत!"

याच सरांनी मला म्हटलं होतं, तू गणितात पास झाला तर मी मिशी काढीन. झालो, काठावर. मार्कशीट घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी आतून कैची आणली, आरशासमोर उभे राहिले अन् मिशीची फक्त दोन टोकं कापली. म्हणे, "काठावरच्याले काठावरचीच."

बर्डीवाला:
आमच्या १९९६ च्या नाटुकल्याचं नाव 'नागपूर २०१५'. त्यात बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीवरून, आगगाडी हवेतून जायची. बाकांवर बाकं रचून दाखवली, दुसऱ्याच स्टेशनाला कोसळली. (मेट्रो २०१९ मध्ये सुरू झाली आणि बर्डीत खरंच डोक्यावरून जाते. म्हणजे आमचं चारच वर्षांनी चुकलं.)

वर्गातला सगळ्यात गोलमटोल पोरगा वेगळ्या विदर्भाचा पहिला मुख्यमंत्री. इतिहासाच्या बाईंनी त्याच्या भाषणात विदर्भाला महाराष्ट्रात घेण्याबद्दलचा १९५३ चा नागपूर करार घुसवलाच. शिवाय १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी कशी होती, हेही. स्टेजवर गेल्यावर तो सगळं विसरला. घाम पुसला आणि स्वतःच्या मनानं घोषणा केली, "आजपासून उन्हाळ्याची सुट्टी, होळी ते पोळा!" एवढ्या टाळ्या त्या करारालाही पडल्या नसतील.

राज्य काही झालं नाही. पोरगा केटरिंगमध्ये गेला. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की सकाळी त्याच्या तर्री-पोह्याला रांग लागते. कार्यकर्ते, पीए, बंदोबस्ताचे पोलीस. आम्ही अजूनही लांबून हाक मारतो, "ओ सीएम साहेब!" तेव्हा रांगेतले दोन-चार जण शर्ट नीट करून मागे वळतात.

मुक्काम पुणे:
शंका बारीक आहे. वर सांबारवडी लिहिलंय, त्यात सांबार नेमकं कुठं असतं?

महालचा नातू:
आख्ख्या वडीत. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. आता विषयावर या भाऊ.

जामठा एंड:
बॅच २००३. आमचा एक दोस्त बॅट घेऊनच शाळेत यायचा, दप्तर कधी असायचं कधी नसायचं. त्याला पडलेला फिशपाँड: "विदर्भ रणजी जिंकेल, त्या दिवशी हा अभ्यासाला बसेल." तेव्हा हा विनोद फार सेफ होता. विदर्भाचं क्रिकेट म्हणजे एखादी मॅच ड्रॉ झाली तरी पेढे वाटायचे.

१ जानेवारी २०१८. इंदूरला फायनल, समोर दिल्ली, आणि आपण नऊ विकेटनं जिंकलो. शेवटचा रन निघायच्या आत ग्रुपवर चाळीस मेसेज, सगळ्यांचा एकच: "बस बे आता अभ्यासाले." दोन पोरांचा बाप झालेला हा माणूस, त्यानं खरंच मुक्त विद्यापीठाचा बीकॉमचा फॉर्म भरला. पुढच्याच मोसमात आपल्या जामठ्याच्या स्टेडियमवर सौराष्ट्राला हरवून पुन्हा रणजी. तेव्हा म्हणाला, थांबा ना यार, पहिलं वर्ष तर निघू द्या. २०२५ च्या मार्चमध्ये केरळविरुद्ध तिसरी आली, तोवर डिग्री झाली होती. आता बायको विचारते, एमकॉम कधी?

भूगोलमुक्त:
दहावी २०२०. मला पडलेला: "याच्या भूगोलाच्या पेपराला पृथ्वीच फिरायची थांबेल." फेब्रुवारीत वाचला, मार्चमध्ये कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द. बाकीच्या विषयांच्या सरासरीनं मार्क मिळाले, आयुष्यातले माझे भूगोलातले सर्वोच्च. चिठ्ठी लिहिणारी मुलगी अजून स्वतःला त्रिकालज्ञानी समजते.

एकवीसची बॅच:
तुमचा एक तरी पेपर रद्द झाला. आमची परीक्षाच रद्द. निरोप ऑनलाइन झाला, मुख्याध्यापक दहा मिनिटं म्यूटवर बोलले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, एवढं दिसलं.

नाव नको:
वाचून हसले, पण माझं वेगळं आहे. आमच्याकडे मुलांना मंत्री, क्रिकेटर, डाकू, कायकाय व्हायला मिळायचं. मुलींची भविष्यं दोनच: एक तर चार पोरांची आई, नाही तर हिरोईन. त्यातही सावळ्या मुलींना हिरोईन मिळायची नाही.

एका मुलीला पडला होता, "ही उन्हात उभी राहिली तर नागपूरचं ऊनसुद्धा सावली शोधतं." हॉल हसला, सर हसले, ती पण हसली. मग पाणी प्यायला म्हणून गेली ती ग्रुप फोटोतही नाही. ती चिठ्ठी मी लिहिली होती. चिठ्ठ्या निनावी असतात म्हणे, पण दोन वर्षं आम्ही एका बाकावर बसत होतो. माझं अक्षर तिला पाठ होतं. नंतरच्या एकाही भेटीला ती आली नाही, आणि मीही तिला कधी फोन केला नाही. नंबर आहे.

धागाकर्ती:
@नाव नको, आमच्याही मडक्यात असल्या चिठ्ठ्या होत्या. बाई आधी वाचून चाळायच्या, पण 'गंमत आहे' म्हणून अशा सुटायच्याच. आता लेकीच्या शाळेत फिशपाँड नाहीत म्हणून मी हळहळत होते, ते थोडं कमी झालं. फोन करा.

काटोलचा:
मी गावाकडून रोज एसटीनं यायचो. बोली अशी की उभं राहून कविता म्हटली तरी वर्ग हसायचा. माझा फिशपाँड: "हा डॉक्टर झाला तर पेशंटले इचारीन, काऊन बे, कुठी दुखून रायलं?"

झालो, दातांचा. सुरुवातीला शहरी बोलायचो, "आपल्याला नेमका कुठे त्रास होतोय?" पेशंट खुर्चीचे हात घट्ट धरून बसायचे. एकदा एक म्हातारबा घाबरून तोंडच उघडेनात. सहज निघून गेलं, "काऊन बाबाजी, कुठी दुखून रायलं?" त्यांनी आ केला अन् तसाच आ ठेवून दहा मिनिटं संत्र्याच्या भावाबद्दल बोलत राहिले. मला एक शब्द कळला नाही, पण दात निघाला.