मदत हवी आहे: वस्तुस्थिती का मत, भाचीला कसं समजावू?

नमस्कार मंडळी, मी भुसावळचा. भाची आठवीत आहे, तिला 'आपला जळगाव जिल्हा' म्हणून प्रोजेक्ट दिलाय आणि प्रत्येक वाक्यापुढं वस्तुस्थिती का मत ते लिहायचंय. काल रात्री घेऊन बसलो तर मीच अडकलो.

सोपी वाक्यं पटापट झाली. 'जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं', वस्तुस्थिती. 'भरीत खावं तर खानदेशातच', मत, कितीही पटत असलं तरी.

पण पुढं 'अजिंठा लेणी जळगाव जिल्ह्यात आहेत' असं होतं. लेणी संभाजीनगर जिल्ह्यात, आपल्याला जवळ पडतात म्हणून आपण आपलीच म्हणतो. भाचीनं लिहिलं, चूक आहे म्हणजे मत. मला हे पटत नाही, चुकीची माहिती म्हणजे मत कसं होईल? पण वस्तुस्थिती तरी कसं लिहू?

अजून एक, बाईंनी सांगितलंय 'मला वाटतं' दिसलं की मत. मग 'मला वाटतं तापी पश्चिमेला वाहते' हे काय? अन् 'बहिणाबाई सगळ्यात थोर कवयित्री' यात 'वाटतं' कुठंच नाही, म्हणून पोरीनं सरळ वस्तुस्थिती लिहून टाकलं. आणि '१९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं अन् खानदेशाची खरी ओळख देशाला झाली' याचं तर मला काहीच सुचेना. परवा वही द्यायचीय, कोणी शिक्षक असतील तर सांगा.

प्रतिसाद:
भाऊ, मी चोपड्याला मराठी शिकवते. तिला प्रत्येक वाक्याला एकच विचारायला लावा, हे तपासायला कुठं जाऊ? अजिंठ्यासाठी नकाशा आहे, तापीसाठीही आहे, म्हणजे दोन्ही तपासण्याजोगी विधानं, त्यातलं एक खोटं निघालं एवढंच. तिसरा रकाना पाडून 'चुकीची माहिती' लिहू द्या. फैजपूरचं वाक्य 'अन्' पाशी तोडा, अधिवेशनाची नोंद सापडेल, 'खरी ओळख' कुठल्या मापानं मोजणार?
आणि तिचं बहिणाबाईंवरचं मत खोडू नका हो. 'थोर, कारण अक्षरओळख नसताना शेतात-घरात ओव्या रचल्या' असं लिहायला सांगा. 'कारण' च्या पुढचं तपासता येतं.

धागाकर्ता:
ताई, 'कुठं जाऊ' हे तिला लगेच कळलं. आता घरातला पेपर घेऊन बसलीय, बातमीच्या हेडिंगवर पेन्सिलीनं खुणा करतेय.