डेस्मंड मीड यांनी वंशाचा मुद्दा मागे ठेवला, ते योग्य होते का?

नर्मदातीर
शिक्षा भोगून झालेल्यांना मतदानाचा हक्क परत देणारी फ्लॉरिडाची ‘अमेंडमेंट ४’ ही घटनादुरुस्ती नोव्हेंबर २०१८ मध्ये ६४ टक्क्यांहून अधिक मतांनी संमत झाली. तिचे प्रमुख संघटक डेस्मंड मीड हे स्वतः शिक्षा भोगलेले, एके काळी बेघर असलेले. २०१४ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळवली, पण २०१६ मध्ये पत्नी निवडणुकीला उभी असताना तिलाही ते मत देऊ शकले नाहीत. या बंदीची मुळे १८६८ च्या राज्यघटनेत, म्हणजे गुलामगिरी नुकतीच संपलेल्या काळात आहेत, आणि २०१६ मध्येही तेथील दर पाच कृष्णवर्णीय प्रौढांपैकी एकाहून अधिक जण तिच्यामुळे मताधिकाराला मुकले होते. तरीही मीड यांनी प्रचारात वंशाचा मुद्दा मध्यवर्ती न ठेवता, हक्क गमावलेल्या गोऱ्या नागरिकांना आणि रिपब्लिकन मतदारांनाही बरोबर घेतले. ६० टक्के मतांची अट असलेल्या राज्यात दुसरा मार्ग नव्हता. त्याच दिवशी निवडून आलेल्या रिपब्लिकन गव्हर्नरांपेक्षा या दुरुस्तीला सुमारे दहा लाख मते अधिक पडली, यातच सारे आले.

काठावरचा
यात सारे आले नाही. २०१९ मध्ये विधिमंडळाने कायदा करून दंड, न्यायालयीन शुल्क आणि नुकसानभरपाई पूर्ण भरल्याशिवाय शिक्षा संपली असे मानायचे नाही, असे ठरवले. कोणाकडे किती रक्कम थकली आहे याची एकत्रित नोंद खुद्द राज्याकडेच नव्हती, तरीही सप्टेंबर २०२० मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने सहा विरुद्ध चार मतांनी तो कायदा उचलून धरला. ही लढाई १८६८ च्या अन्यायाविरुद्ध आहे, असे मतदारांना स्पष्ट सांगितले असते, तर पैशाची नवी अट त्याच अन्यायाचे दुसरे रूप म्हणून लोकांनी ओळखली असती. केवळ ‘दुसरी संधी’ म्हणून मते मागितल्यामुळे संधी कोणत्या अटीवर द्यायची, हे ठरवणे विधिमंडळाच्या हाती गेले.

नर्मदातीर
हा दोष वंशाविषयी मौन बाळगल्याचा नाही, मसुद्याचा आहे. ‘शिक्षेच्या सर्व अटी’ या शब्दांत दंडही येतो, असे २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात मोहिमेच्याच वकिलांनी सांगितले होते, आणि विरोधकांनी पुढे नेमका त्याचाच आधार घेतला. शिवाय कायदा झाल्यावर मीड हताश होऊन बसले नाहीत. त्यांच्या संघटनेने देणग्या गोळा करून हजारो लोकांची थकबाकी भरली.

तिसरी घंटा
थकबाकी भरणे हे उपकाराचे काम झाले, हक्काचे नव्हे, आणि देणगीदार थांबले की तेही थांबते. मला मात्र तुम्हा दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट दिसत नाही. खून आणि गंभीर लैंगिक गुन्ह्यांतील दोषींना ही दुरुस्ती मुळातच लागू नाही. भारतात तुरुंगात असताना मत देता येत नाही, अगदी कच्च्या कैद्यालाही नाही (हेही मला अन्याय्य वाटते), पण सुटकेनंतर गुन्हा कोणता होता हे पाहून कोणाचा मताधिकार आयुष्यभर रोखला जात नाही. शिक्षा संपली म्हणजे संपली, हे तत्त्व घेऊन उभ्या राहिलेल्या चळवळीने स्वतःच अपवाद लिहावा, ही मला रणनीती वाटत नाही.

नर्मदातीर
तो अपवाद नसता, तर ६० टक्के मते मिळाली असती का? सुमारे १४ लाख लोकांचा प्रश्न तत्त्वासाठी आणखी दहा वर्षे लांबवायला मी तयार झालो नसतो.

काठावरचा
त्या १४ लाखांपैकी असंख्य जण थकबाकीमुळे आजही बाहेरच आहेत, हे त्या हिशेबात धरा. आणि अपवादाची किंमत कोणी मोजली, तेही पाहा. ऑगस्ट २०२२ मध्ये बेकायदा मतदानाच्या आरोपाखाली राज्याने वीस जणांवर कारवाई केली. ते याच अपवादात मोडणारे होते, आणि त्यांतील अनेकांना मतदार ओळखपत्रे सरकारी यंत्रणेनेच दिली होती.